स्लीव्हनंतर काटा ८४ वर अडकलाय, पुढे श्रावण आणि चवथ. जेवणाचं कसं जमवावं?

सत्तरीची शिक्षिका
(जुलै अखेर)

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात प्राथमिक मराठी शाळेत शिकवते. वय ४४, उंची पाच फूट दोन इंच. गेल्या दिवाळीनंतर माझी स्लीव्ह सर्जरी (वजन उतरवण्यासाठी पोट लहान करायचं ऑपरेशन) झाली, तेव्हा वजन ११२ किलो होतं. मे महिन्यापर्यंत ते भराभर उतरत ८४ वर आलं आणि तिथेच बसलं. जूनमध्ये शाळा उघडली, आता जुलै संपत आला, तरी काटा ८३.६ आणि ८४.५ यांच्यामध्येच हलतोय.

मिळालं ते थोडं नाही, हे आधी सांगते. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ८.४ वरून ५.८ वर आलं. साखरेची एक गोळी बंद झाली, दुसरी अर्धी झाली. फळ्याच्या अगदी खालच्या ओळीत लिहायला आता वाकता येतं. पहिलीच्या पोरांबरोबर जमिनीवर मांडी घालून बसता येतं, आणि उठताना कुणाचा हात धरावा लागत नाही. पण गुडघे अजून दुखतात आणि ७० च्या खाली जायची फार इच्छा आहे. त्यात शाळेत आणि नातेवाइकांत कुणी ना कुणी रोज विचारतं, "थांबलं का गं? एवढा खर्च करून?" घरी येऊन रडू येतं.

माझं खाणं असं आहे. सकाळी बिनसाखरेचा चहा आणि दोन मारी बिस्किटं. साडेदहाच्या सुट्टीत डब्यातली पेज, सोबत खारातली तोर (कैरी) किंवा सुक्या बांगड्याचा तुकडा. भाकरी-चपाती छातीत अडकल्यासारखी होते, पेज सुखानं उतरते, म्हणून पेज. दुपारी घरी उकड्या तांदळाचा भात तीन-चार चमचे, हुमण (माशांची कढी), नुस्त्याचा म्हणजे माशाचा एखादा तुकडा आणि अर्धी वाटी सोलकढी. संध्याकाळी परत चहा आणि अर्धी पोय (गोव्याचा पाव) किंवा टोस्ट. रात्री पेज, नाहीतर मऊ खिचडी. प्रोटीन पावडर पहिले तीन महिने घेतली. आता तिच्या वासानेच मळमळतं.

एका व्हिडिओत बघितलं की पाच दिवस फक्त पातळ पदार्थांवर राहिलं की पोट परत लहान होतं आणि वजन उतरायला लागतं. ते करावं का? मार्चपेक्षा आता मी जास्त खाऊ शकते. पोट ताणलं गेलंय का, ही भीती मनातून जात नाही. आणि तिसरी अडचण आमच्या घरची. मासेबंदी ३१ जुलैला उठेल, पण मग श्रावण. आमच्याकडे श्रावणभर सगळं शिवराक (शाकाहारी), एरवीही सोमवार असतोच. त्यामागून चवथ (गणेशचतुर्थी), म्हणजे नेवऱ्या, पातोळ्या, मणगणं असं गोडधोड. स्वयंपाक सासूबाई करतात. इस्पितळात माझ्या उशाशी त्याच बसून होत्या, त्यांचं मन मोडायचं नाही. नुस्त्याशिवाय प्रथिनं कुठून आणू?

—

फोंड्याचा ड्रायव्हर

बाई, नमस्कार. मी कदंबाच्या बसवर ड्रायव्हर होतो, आता निवृत्त. माझं स्लीव्ह २०१८ साली झालं. १३८ चा मी आज ९१ वर आहे. वाटेत किती वेळा अडकलो हे माझ्या घरच्यांना विचारा. पहिल्या महिन्यातच एकदा, मग ११८ वर, आणि १०१ वर तर अख्खा पावसाळा. म्हणून तुमचं लिहिलेलं वाचल्यावर उत्तर दिल्याशिवाय झोप येणार नाही असं वाटलं.

सगळ्यात आधी ते पाच दिवसांचं पातळ. करू नका. माझ्या सर्जननी मला १०१ वर असताना स्पष्ट सांगितलं होतं की पातळ खाऊन पोट लहान होत नाही. पाच दिवसांत काट्यावर किलो-दीड किलो कमी दिसेल, त्यात बरंचसं पाणी असतं, आणि परत जेवायला लागलात की ते परत येतं. मधल्या दिवसांत प्रथिनं न मिळाल्यामुळे स्नायू झिजतात ते वेगळंच. तुम्ही दिवसभर पोरांच्या मागे उभ्या असता. चक्कर येऊन पडाल.

आता काटा का थांबतो ते मला समजलं तसं सांगतो. चोर्ला घाट चढताना भरलेली बस जेवढं डिझेल पिते तेवढं रिकामी पीत नाही. तुम्ही २८ किलो उतरवलेत. शाळा तीच, जिना तोच, पण त्याच कामाला आता शरीराला कमी लागतं. शिवाय वजन घटलं की शरीर आपणहून हात आखडता घेतं, त्याहूनही थोडं कमी खर्च करतं. खाल्लेलं आणि खर्च झालेलं एका पातळीवर आलं की काटा उभा राहतो. हे सगळ्यांचं होतं. यात तुमची चूक शोधणाऱ्यांना शाळेत काय उत्तर द्यायचं ते तुम्ही बघा. मी तर सांगायचो की माझी साखर आणि प्रेशर विचारा, मग बोलू.

पण हात आखडता घेणाऱ्या शरीराला आणखी कमी खायला घातलं तर तेही आणखी आखडतं, असा माझा अनुभव. मला जे उपयोगी पडलं ते ताटातला क्रम बदलणं. आपल्याकडे लहानपणापासून शीत-कडी हे जेवण आणि नुस्तं हे तोंडाला लावायला. भातावर हुमण ओतायचं, कालवायचं, आणि एका तुकड्यावर सगळा भात संपवायचा. मोठं पोट होतं तेव्हा ते चालून गेलं. आता पोटात जागा वाटीभर, ती भात-कढीनं भरली की नुस्त्याला जागा उरत नाही. म्हणून मी ताटावर बसलो की आधी नुस्तं खातो. अख्खा बांगडा, काटे काढत, हळूहळू. मग भाजी. भात शेवटी, आणि पोट भरलं की भात ताटात राहिला तरी राहिला. हुमणाचा रस दोन चमचे चवीला. बायकोला पहिल्यांदा हे फार विचित्र वाटलं. आता ती माझ्या ताटात भात वाढायलाच शेवटी येते.

पेजेविषयी मात्र मला मनापासून बोलायचंय. पेज म्हणजे आमचा जीव. सकाळच्या ड्युटीनंतर पेज नसली तर मला जेवल्यासारखं वाटायचं नाही. पण या नव्या पोटात ती थांबतच नाही. सुरळीत उतरते, बरं वाटतं, आणि तासाभरात परत भूक. बिस्किट चहात बुडवून, मऊ खिचडी, टोस्ट, सगळ्यांचं तेच. उतरायला सोपं ते पोटात राहत नाही, आणि आपण म्हणतो मी तर एवढंसंच खातो. तुमच्या दिवसात पेज दोनदा आहे, बिस्किटं आहेत, टोस्ट आहे. सुट्टीच्या डब्यात पेजेऐवजी दोन उकडलेली अंडी नेऊन बघा. मीठ-मिरी लावून, बारीक चावून, वीस मिनिटं काढून. शाळेची सुट्टी लहान असते हे माहीत आहे, तर एक अंडं सुट्टीत आणि एक नंतरच्या तासिकेआधी.

मासेबंदीचं म्हणाल तर ट्रॉलर बंद असतात, खाडी-नदीचं नुस्तं येतंच. शेवटे, चणाक, कुर्ल्या, खुबे. महाग असतं, पण आपल्याला लागतं किती? शंभर ग्रॅम. घरच्या सहाजणांचं नुस्तं आणायचं तेव्हा मी अर्धं चिकन आणतो आणि माझ्यापुरतं नुस्तं. सुकं नुस्तं प्रथिनांना चांगलं, पण मीठ फार. प्रेशरची गोळी असेल तर किस्मूर (सुक्या नुस्त्याची कोशिंबीर) जपून.

आणि हातपाय. मी चालत होतो भरपूर, नागेशीच्या तळीभोवती रोज. तरी १०१ वर अडकलो. मग फिजिओथेरपीवाल्या मुलीनं खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीला टेकून दंड आणि रबरी पट्टा असं आठवड्यातून तीन दिवस लावून दिलं. सत्तरीच्या पावसात चालायला कुठे जाणार? हे सोप्यावर बसूनही होतं. पहिला महिना काट्यावर काही दिसलं नाही, पण पँटचा पट्टा एक भोक आत गेला. तेव्हापासून मी वजनाबरोबर कंबरही मोजतो, आणि वजन रोज न बघता रविवारी बघतो.

उर्राकेचा (काजूच्या दारूचा) मोसम संपला, तरी वाचणाऱ्या पुरुषांसाठी एक सांगतो. या ऑपरेशननंतर दारू रक्तात फार लवकर चढते आणि जास्त वेळ राहते. पूर्वी दोन ग्लासांवर ठीक असणारा माणूस अर्ध्या ग्लासवर गाडी चालवण्याच्या लायकीचा राहत नाही. मी आयुष्यभर लोकांना सुखरूप घरी पोचवलं, म्हणून हे कळकळीनं लिहितोय. मी पूर्ण सोडली.

—

आहारतज्ज्ञ, मडगाव

ताई, आधी तुमचा हिशेब मांडते, कारण लोक ११२ आणि ८४ बघतात आणि मधलं विसरतात. तुमच्या उंचीला साधारण ६२ किलो हे बीएमआय २५ चं वजन. म्हणजे जादा वजन ५० किलो होतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त आठ महिन्यांत गेलं. स्लीव्हनंतर वजन उतरायचा काळ साधारण बारा ते अठरा महिने चालतो. तुम्ही अजून त्या काळाच्या आत आहात. कुणी "ऑपरेशन फुकट गेलं" म्हणत असेल तर त्याला हे आकडे माहीत नाहीत.

पोट ताणलं गेल्याची भीती. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरलेल्या नळीला सुरुवातीला सूज असते, ती उतरते, शिवण मऊ होते, म्हणून आठव्या महिन्यात तिसऱ्या महिन्यापेक्षा जास्त जातं. हे अपेक्षित आहे. काढलेल्या भागात घ्रेलिन नावाचं भूक जागवणारं संप्रेरक जास्त तयार होतं, त्यामुळे सुरुवातीला भूक जवळजवळ नसते आणि पुढे थोडी परत येते. भूक लागली म्हणून घाबरू नका, त्या भुकेला काय द्यायचं ते ठरवा.

भाकरी अडकण्याबद्दल मात्र नीट लक्ष द्या. भाकरी, चपाती, कोरडं चिकन यांचा त्रास बऱ्याच जणांना होतो, तो घाईने खाल्ल्यामुळे किंवा मोठ्या घासामुळेही होतो. पण मऊ मासा किंवा अंडंसुद्धा अडकत असेल, वारंवार उलटी होत असेल, रात्री आंबट वर येत असेल, तर सर्जनला दाखवाच. स्लीव्ह मध्येच अरुंद होऊ शकते आणि ते दुर्बिणीने बघावं लागतं. उलट्या काही दिवस थांबत नसतील तर वाट बघायचीच नाही, कारण थायमिन म्हणजे बी१ झपाट्याने कमी होतं आणि त्याचा परिणाम नसांवर आणि मेंदूवर होतो.

तुम्ही लिहिलेल्या दिवसाची बेरीज केली. प्रथिनं ३० ग्रॅमच्या आसपास भरतात. हवीत ६० ते ८०. काका म्हणतात तो क्रम अगदी बरोबर आहे, त्याला मी आकडे जोडते. एका अंड्यात ६ ग्रॅम. मध्यम बांगड्याच्या शंभर ग्रॅम मांसात १९-२०. पनीर शंभर ग्रॅमला १८ च्या आसपास. पेलाभर दुधात ६-७. पेजेच्या वाटीत जेमतेम २. म्हणजे दोन अंडी, एक बांगडा, थोडं पनीर किंवा चक्का आणि संध्याकाळी बिस्किटाऐवजी दूध किंवा ताक, एवढ्यात, बाकीच्या जेवणातलं धरून, साठच्या जवळ येता. पावडरच्या वासाने मळमळत असेल तर बिनचवीची पावडर मिळते. ती दह्यात किंवा घट्ट डाळीत मिसळा. डाळ उकळत असताना घालू नका, गुठळ्या होतात.

नारळाचं बोलायलाच हवं, गोव्यात राहून टाळता येणार नाही. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण ३५० कॅलरी असतात, आणि त्यातला बहुतेक भाग चरबी. हुमणात, तोंडाकात (कडधान्याच्या रश्शात), सोलकढीत मिळून दिवसाला किती खोबरं पोटात जातं ते एकदा सासूबाईंबरोबर बसून बघा. बंद करू नका. सोलकढी नारळाच्या दुधाशिवाय, नुसत्या आमसुलांची, हिंग-मिरची-कोथिंबीर घालून करता येते. पण तीही जेवणाबरोबर नको. जेवताना आणि त्यानंतर अर्धा तास पातळ काही पिऊ नये, नाहीतर खाल्लेलं वाहून खाली जातं. पाणी दिवसभर घोटघोट, दीड ते दोन लिटर.

आता तपासण्या. आठव्या महिन्यात हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) आणि थायरॉईड एवढ्या झालेल्या असायला हव्यात. ४४ व्या वर्षी पाळी जास्त जात असेल तर लोह फार लवकर संपतं. लोह कमी, थायरॉईड मंद, झोप अपुरी, यातलं काहीही असलं तरी माणूस थकतो, कमी हलतो आणि गोडाकडे ओढला जातो. काटा थांबण्याचं कारण कधी कधी ताटात नसून रक्तात सापडतं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादीही डॉक्टरांना दाखवा, कारण साखरेच्या, मनाच्या आजारांच्या काही गोळ्या आणि स्टिरॉइड वजन धरून ठेवतात.

वजनाच्या इंजेक्शनांबद्दल मला रोज कुणीतरी विचारतं, म्हणून इथेच लिहिते. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड वजनासाठी २०२५ पासून भारतात मिळू लागली आहेत. ऑपरेशननंतर वजन पुरेसं उतरलं नाही किंवा परत वाढलं तर डॉक्टर ती देतात. तुमच्या आठव्या महिन्यात, प्रथिनं तीस ग्रॅमवर असताना, ती पहिली पायरी होत नाही. भूक आणखी मेली तर प्रथिनं वीसवर जातील.

—

म्हापशाची शिवराक

ताई, माझं वजनासाठीचं पोटाचं बायपास झालंय आणि मी जन्मापासून शिवराक. अंडंही नाही. श्रावणाची भीती बाळगू नका, मी बारा महिने श्रावणातच आहे.

आपल्याकडच्या शिवराक जेवणात प्रथिनं भरपूर असतात, फक्त ती पातळ करून वाढायची पद्धत आहे. पळीवाढं वरण वाटीभर घेतलंत तर ३-४ ग्रॅम. तीच वाटी मुगागाठींची घेतलीत, मोड आलेले सोललेले मूग, रस आटवून, तर ९-१० पर्यंत जातं. अळसांद्याचं तोंडाक, हरभऱ्याचं तोंडाक, हेही तसंच. दाणे वर घ्यायचे, रस मागे ठेवायचा. मोड आणले, हिंग-आलं घातलं की वायूही कमी धरतो. सुरुवातीला अर्धी वाटीच घ्या.

माझा रोजचा आधार म्हणजे चक्का. रात्री दही पंचात बांधून ठेवायचं, सकाळी घट्ट गोळा. त्यात जिरेपूड आणि काकडी. गोड अजिबात नाही. दुसरा आधार सोया. पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाच्या वड्यांत २५-२६ ग्रॅम प्रथिनं असतात. गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळायच्या म्हणजे वास जातो, मग बारीक करून शाकुतीच्या मसाल्यात सुकं परतायचं. माझा नवरा मांसाहारी असून रविवारीसुद्धा तेच मागतो. पनीर विकत घेण्यापेक्षा घरी लिंबू पिळून दूध फाडलं तर मऊ होतं, छातीत अडकत नाही. तुम्हाला भाकरी अडकते म्हणालात, म्हणून मऊ पनीर आणि मुगाचं धिरडं ही दोन नक्की करून बघा. धिरड्याच्या पिठात थोडं पनीर किसून घालायचं.

सासूबाईंबद्दल मला जे वाटतं ते लिहिते. माझ्या सासूला दोन वर्षं वाटत होतं की मी त्यांच्या हाताला नाव ठेवते. मग एकदा मी त्यांना माझ्या आहारतज्ज्ञांकडे सोबत घेऊन गेले. त्यांनी त्यांनाच समजावलं की हिला साठ ग्रॅम लागतं आणि ते तुमच्या स्वयंपाकघरातून जायला हवं. त्या दिवसापासून माझं जेवण हे त्यांचं काम झालं. आता नारळाचा रस घालण्याआधी त्या माझी वाटी बाजूला काढतात आणि मला आठवण करतात की चक्का संपलाय. तुमच्या सासूबाई इस्पितळात उशाशी बसल्या, तर त्यांना हे कळायला वेळ लागणार नाही.

चवथीचं. बायपासवाल्यांना गोड फार लवकर दाखवून देतं. अर्धी नेवरी रिकाम्या पोटी खाल्ली की मला वीस मिनिटांत घाम सुटतो, छाती धडधडते, पोटात मुरडा येतो. त्याला डम्पिंग म्हणतात. स्लीव्हमध्ये ते कमी होतं, पण होऊ शकतं. म्हणून मी नैवेद्याचं गोड नेहमी जेवणाच्या शेवटी घेते, मणगणं असेल तर दोन चमचे, आणि बसून चवीनं खाते. खतखतं मात्र पोटभर. भाज्या, तूरडाळ, तेफळांचा वास, नारळ बेताचा. चवथीच्या ताटात माझ्यासाठी त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नसतं. आणि पाहुण्यांनी आग्रह केला तर "पोट भरलंय" एवढंच सांगा. ऑपरेशनची कथा प्रत्येकाला सांगायला आपण बांधील नाही.

—

सत्तरीची शिक्षिका
(श्रावणात)

सगळ्यांचे मनापासून आभार. पातळाचा विचार त्याच रात्री सोडला.

मासेबंदी उठल्यावर श्रावण लागेपर्यंत काकांनी सांगितलं तसं जेवले. आधी बांगडा, भात शेवटी. पहिल्यांदाच असं झालं की दुपारी जेवल्यावर पाच वाजेपर्यंत भुकेची आठवण झाली नाही. डब्यात अंडी नेते. एक सुट्टीत, एक नंतर. मऊ नुस्तं आणि अंडं अडकत नाही, फक्त भाकरी-चपातीच अडकते. तरी पुढच्या तपासणीला सर्जनना सांगणार आहे.

रक्ताच्या तपासण्या केल्या. फेरिटिन ९, डी १४, बी१२ काठावर, थायरॉईड ठीक. पाळी जास्त जाते हे मी डॉक्टरांना कधी सांगितलंच नव्हतं, त्यांनीही विचारलं नव्हतं. आता लोहाची गोळी, डीची साप्ताहिक मात्रा आणि बी१२ सुरू झालंय. खुर्चीवरची उठ-बस घरात मुलीबरोबर करते, ती मोजते.

सासूबाईंना मडगावला नेणं पावसात जमलं नाही, पण तुम्ही लिहिलेलं सगळं त्यांना वाचून दाखवलं. म्हापशाच्या ताईंचं सासूबाईंबद्दलचं दोनदा वाचायला लावलं. आता मुगागाठी माझ्यासाठी वेगळ्या आटवतात. सोलकढी नारळाशिवाय केली आणि सांगितलं की हीच त्यांच्या माहेरची पद्धत. रात्रीची पेज मात्र त्यांना सोडवत नाही, "पोटाला थंडावा" म्हणून एक पळी देतातच. मी मुगागाठी खाऊन झाल्यावर थोड्या वेळानं ती घेते.

काटा काल ८३.१. पण कंबर दीड इंचानं कमी आहे आणि शाळेतला जिना चढताना दम लागत नाही.

एक विचारायचं होतं. लोह आणि कॅल्शियम दोन्ही दिलंय. मी दोन्ही सकाळच्या चहाबरोबर घेते, म्हणजे विसरायला होत नाही. चालेल ना?

—

आहारतज्ज्ञ, मडगाव

ताई, फेरिटिन ९ म्हणजे लोहाचा साठा जवळजवळ रिकामा. दम लागणं कमी झालं ही फार चांगली खूण आहे.

चहाबरोबर नाही. चहातल्या टॅनिनमुळे लोह शोषलं जात नाही, आणि कॅल्शियम लोहाच्या वाटेत येतं. दोघांमध्ये निदान दोन तास हवेत. तुमच्या दिवसात असं बसतं: सकाळी उठल्यावर लोहाची गोळी पाण्याबरोबर, सोबत आवळा किंवा लिंबाचं पाणी, कारण सी जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. चहा त्यानंतर तासाभराने. कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर विभागून. एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमच्या वर शरीर नीट घेत नाही, आणि दिवसाला एकूण १२०० ते १५०० लागतं, अन्नातलं धरून. गोळीच्या पाकिटावर सायट्रेट लिहिलंय का बघा. स्लीव्हनंतर आम्ल कमी असतं, त्यात कार्बोनेटपेक्षा सायट्रेट बरं. लोहाच्या गोळीने बद्धकोष्ठ झालं किंवा पोट बिघडलं तर गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगा, दुसरा प्रकार किंवा शिरेतून देता येतं. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना लवकर भेटा. जातं तेवढं भरून काढणं गोळीला जमत नाही.

फेरिटिन आणि डी तीन महिन्यांनी परत करा आणि आकडे इथे टाका.

—

फोंड्याचा ड्रायव्हर

बाई, ८३.१ वाचून घरात सगळ्यांना सांगितलं. काटा परत थांबेल, पंधरा दिवस, महिना, तेव्हा हे पान उघडा आणि कंबर मोजा. रबरी पट्टा फोंड्याच्या बाजारात मिळतो. सत्तरीला जाणाऱ्या बसवर माझे जुने सोबती आहेत, हवा असेल तर पाठवून देतो.